ठिपका पुसायचा नाही

९ फेब्रुवारी

मामा,

फोन केला की तू "हां, हां, बरं" म्हणतोस आणि ठेवल्यावर मामीला विचारतोस, "काय म्हणत होती?" तीस वर्षं काचेच्या भट्टीशेजारी बसून कान गेले ते गेले, पण ते कबूल करायला तू तयार नाहीस. म्हणून हे पत्र. यावर "हां, हां" चालणार नाही, उत्तर लिहावं लागेल.

काम आहे. दोन वर्षं मी इथे प्रयोगशाळेत एक कॅमेरा बनवतेय. सोबत फक्त शेजारच्या टेबलावरची सोल्डरवाली. तिचा हात इतका स्थिर, की ती डाग देत असताना मला श्वास घ्यायची भीती वाटते.

तू म्हणशील, बाजारात कॅमेरे कमी पडले का? मामा, बाजारातला कॅमेरा आपल्यापुढे चित्र ठेवतो ते आतल्या आत नटवून, पावडर लावून. घरच्या फोटोंना ते ठीक आहे. पण आम्ही मशीनला बघायला शिकवतो. आम्हाला कॅमेऱ्याला नेमकं काय दिसलं ते हवं असतं. आत काय करता म्हणून कंपनीला विचारलं तर उत्तर येतं, ते सांगता येणार नाही. झाकण उघडलं तर गॅरंटी गेली. म्हणून आमचा कॅमेरा उघडा ठेवायचा असं ठरवलंय. प्रत्येक तार, प्रत्येक स्क्रू, आतल्या प्रोग्रॅमची प्रत्येक ओळ सगळ्यांसमोर मांडायची. ज्याला हवं त्यानं घ्यावं आणि घरी बसून बनवावं.

आता तुझ्याकडे दोन मागण्या. एक, औषधाच्या कुपीतली केसाएवढी चीर तुला दिसते कशी, ते सविस्तर लिही. दोन, चिरा गेलेल्या दहा कुप्या पाठव. आमच्या कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायची तर तुझ्या कुप्यांवरच.

मामीचा गुडघा कसा आहे?

तुझी भोचक भाची


१७ फेब्रुवारी

भोचकबाई,

आशीर्वाद. माझे कान उत्तम आहेत. लोकच हळू बोलायला लागलेत.

चीर कशी दिसते विचारलंस. दिसत नाही, चमकते. काचेतली काच कशी दिसणार? मागे काळं कापड, बाजूला दिवा. कुपी आडवी धरायची आणि अंगठ्यानं सावकाश फिरवायची. चीर असेल तर एकाच कोनात, सुईच्या टोकाएवढा उजेड डोळा मारतो आणि गेला. तेवढ्यात हात थांबला पाहिजे. हे शिकायला मला चार वर्षं लागली, बुडबुड्याला सहा. बुडबुडा म्हणजे माझ्या शेजारच्या बाकावरचा. काचेतला बुडबुडा त्याला हातभरावरून दिसतो, स्वतःचा चष्मा मात्र बायकोला शोधावा लागतो.

कुप्या पाठवता येणार नाहीत. गेटवर पिशव्या तपासतात.

आणि कॅमेऱ्यांचं कौतुक तू मला न सांगितलेलं बरं. गेल्या वर्षी आमच्याकडेही एक आला. कुप्या सरकत जातात त्या पट्ट्यावर टांगलाय. तपासणीचे चौदा बाक होते, तीन उरले. साहेब लोक त्याला लाडानं "नजर" म्हणतात. आम्ही चौदा जण बघत होतो तेव्हा आमच्या नजरेला कोणी लाडानं काही म्हटलं नाही.

खिडक्यांना रंग देतोय. मंगळवारी एक झाली, आज दुसरी. हात रंगाचे आहेत, म्हणून एवढंच. मामीचा गुडघा कुरकुरतो आणि तरी चालतो, तिच्यासारखाच.

मामा


२४ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वाईट वाटलं. तुमचे अकरा बाक मी नाही उचलले. माझा कॅमेरा तर अजून टेबलावरून खालीही उतरलेला नाही. तुला राग आला असेल तर सरळ शिव्या घाल, मी ऐकून घेईन. पण "हात रंगाचे आहेत" म्हणून मला कटवू नकोस. तू आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी खिडक्या रंगवणार? रजा घे म्हटलं की तू भांडायला उठतोस, हे मला माहीत नाही का?

माझंही फार बरं चाललेलं नाही. आमचा कॅमेरा गोवर आल्यासारखा दिसतो. कॅमेऱ्याचा सेन्सर म्हणजे लाखो बारीक ठिपक्यांची चादर. त्यातले काही ठिपके जन्मतःच खोडकर असतात, उजेड नसताना चमकतात, आणि सेन्सर तापला की आणखी. सगळ्या कंपन्या ते गुपचूप पुसतात. आम्ही ठरवलं होतं, काहीही पुसायचं नाही. सर परवा पडद्याकडे बघून म्हणाले, "याला कॅमेरा म्हणायचं की पुरळ?"

सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. माणूस वाईट नाही, फक्त कुठल्याही मोठ्या माणसासमोर लगेच मवाळ होतो. आणि सध्या मोठा माणूस येतोय. एका कॅमेरा कंपनीचा, कडक टाय, कडक हसणं. तो म्हणतो, तुमचं काम आमच्या कामात मिळवा, प्रयोगशाळेला हवं ते देऊ. अट एकच, ड्रॉइंग्ज बाहेर जायची नाहीत. सर मला म्हणाले, "विचार कर." म्हणजे विचार त्यांचा झालेला आहे, मी फक्त मान हलवायची आहे.

रागावलास तरी चालेल, पण मोठं पत्र लिही.

भाची


३ मार्च

बाळ,

मी मामी. यांची पत्रं टाकायला मीच जाते आणि तुझी आलेली मीच घेते. हे शेवटचं मी वाचलं. वाचायला नको होतं, पण पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं.

तुझा मामा तुझ्यावर रागावलेला नाही. तो पाच आठवडे घरी आहे. घरी बसवलाय.

काय झालं ते लिहिते, कारण तो लिहिणार नाही. आधी कॅमेरा कुप्या बघतो, मग शेवटचा डोळा यांच्या बाकाचा, मग खोक्यात भरतात. दिवाळीच्या सुमारास एका लॉटमधल्या एकतीस कुप्या यांनी चीर आहे म्हणून बाजूला काढल्या. सुपरवायझर म्हणाला, कॅमेऱ्यानं पास केल्यात, तुम्हाला भास होतात. आणि ट्रे उचलून त्यानं कुप्या परत पट्ट्यावर टाकल्या. यांनी आवाज चढवला, तर म्हणाला, "ऐकू येत नाही तसं आता दिसतही नाही का?"

पुढे त्या कुप्यांत औषध भरलं गेलं. एका इस्पितळात नर्सनं खोकं उघडलं तर खालचा पुठ्ठा ओला. तिनं तिथल्या तिथे सगळं थांबवलं म्हणून बरं. तोवर दोन पेशंटना सुई देऊन झाली होती. दोघंही तापानं फणफणले, आठवडाभर पडून होते. आता हिंडतात-फिरतात, मी चौकशी केली.

कुप्या कारखान्यातून गेल्या त्या खोक्यातल्या चिठ्ठीवर यांच्या बाकाचा नंबर. कारखाना म्हणतो, कॅमेरा चुकणं शक्य नाही, तेव्हा माणूस चुकला. एक कागद टाइप करून दिलाय, "वयोमानानुसार दृष्टी कमी झाल्यामुळे माझ्याकडून चूक झाली." सही केली तर हार, नारळ, भाषण, मानानं निवृत्ती. नाही केली तर अठ्ठावीस तारखेला चौकशी. तो कागद गेले पाच आठवडे टेबलावर आहे. मी त्यावर चहाचा कप ठेवते. इतके गोल डाग पडलेत की आता सहीला जागा उरलेली नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे मी नेऊन आणलं. डॉक्टर म्हणाले, जवळचं यांना माझ्यापेक्षा चांगलं दिसतं.

त्या कॅमेऱ्याच्या डब्यावरचं नाव आणि नंबर यांनी एकदा उतरवून आणलं होतं. चिठ्ठी सोबत ठेवली आहे. तुझ्या त्या टायवाल्याचं वाचलं आणि मला उगीच वाटलं, ही तीच मंडळी तर नसतील?

मी लिहिलं हे त्याला सांगितलंस तरी हरकत नाही. मी घाबरत नाही त्याला.

मामी


९ मार्च

मामा,

मामीवर रागावू नकोस. आणि मी काय काय लिहून बसले, त्याबद्दल माफ कर. तू घरी बसलायस आणि मी तुला माझ्या रुसव्याची पत्रं पाठवतेय.

मामीला वाटलं ते खरं आहे. तीच कंपनी. नुसती कंपनी नाही, डब्यावरचा नंबरही तोच. आमच्या कपाटात तसे सहा कॅमेरे पडलेत.

काल सोल्डरवालीनं आणि मी त्यातला एक बाहेर काढला. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची चमकी घेतली, तीच, ज्यात उरलेलं अन्न गुंडाळतात. तिला सुईनं एक भोक पाडलं, मागे दिवा लावला आणि चमकी दूर दूर नेत गेलो. भोकाचा उजेड कॅमेऱ्याच्या एकाच ठिपक्यावर पडेल इतकी दूर. मी उभी होते तिथून तो उजेड मला साध्या डोळ्यांनी लख्ख दिसत होता. पडदा मात्र काळा ठार. भोक किंचित मोठं केलं, चार ठिपक्यांएवढं, तर लगेच दिसलं. सतरा वेळा करून पाहिलं.

मामा, त्याला दिसतं. दिसतं आणि तो पुसतो. एकटा चमकणारा ठिपका म्हणजे सेन्सरची खोड, असं त्याला शिकवून ठेवलंय, त्यामुळे तो स्वतःची अब्रू झाकायला पुसून टाकतो. तुझी चीर अशीच चमकते ना, सुईच्या टोकाएवढी? ती त्याच्या हिशेबी कचरा. आणि हे बंद करायचं बटण बाहेर कुठेही नाही. मी पुस्तिकेची दोनशे पानं वाचली, त्यात याबद्दल एक ओळ नाही.

आता अडचण. आमच्या कॅमेऱ्यात तुझी चीर दिसते. इथल्याच एका काचेच्या नळीला तापवून, पाणी शिंपडून मी चीर पाडली आणि पाहिलं. पण तिच्याभोवती आमचे स्वतःचे तीनशे खोटे ठिपके आहेत. त्यात खरा कुठला हे मलाच सांगता येत नाही, तर चौकशीवाल्यांना काय सांगणार? पुसावं तर आम्हीही त्यांच्यासारखेच. न पुसावं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. डोकं चालेनासं झालंय.

तू मात्र सही करायची नाहीस. कोणीही येऊ दे, काहीही सांगू दे.

भाची


१४ मार्च

भोचकबाई,

तुझ्या मामीशी मी एक संध्याकाळ बोललो नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही, तेव्हा सोडून दिलं.

तुझी अडचण वाचली आणि हसू आलं. एवढी शिकलीस आणि एवढं कळेना? अगं, माझ्याही डोळ्यात ठिपके आहेत. या वयात सगळ्यांच्याच असतात. उजेडात कुपी धरली की तरंगताना दिसतात. मग मी चीर आणि डोळ्यातला कण वेगळे कसे करतो? कुपी फिरवतो. चीर कुपीची असेल तर कुपीबरोबर जाते, कण माझा असेल तर माझ्याबरोबर राहतो. नवीन माणसाला आम्ही हेच पहिल्या दिवशी शिकवतो. तुझ्या त्या कॅमेऱ्याला कोणी शिकवलंच नाही, सरळ खोटं बोलायला शिकवलं.

चौकशीचं म्हणशील तर तू मला वाचवायच्या भानगडीत पडू नकोस. मी काही बुडत नाहीये. दिसतं त्याला दिसतं म्हणणार, एवढंच माझं काम आहे. सही मागायला परवा सुपरवायझर स्वतः घरी आला होता. म्हणाला, "काका, सगळ्यांच्याच भल्याचं आहे." मी म्हटलं, "मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही." त्यानं तीनदा ओरडून सांगितलं. तिसऱ्या वेळी शेजारपाजारचे बाहेर आले, तेव्हा गेला. ऐकू मला पहिल्याच वेळी आलं होतं.

तुझं काय ठरलं? त्या टायवाल्याला काय सांगितलंस? माझ्यापायी स्वतःचं वाटोळं करून घेऊ नकोस. स्वतःपायी करायचं असेल तर मी अडवणार नाही.

मामा


२३ मार्च

मामा,

जमलं! नळी एका मोटरीवर बसवली. एका फेऱ्यात चाळीस फोटो. जो ठिपका चाळीसही फोटोंत एकाच जागी बसलाय तो आमचा. जो नळीबरोबर सरकतो तो नळीचा. तीनशेतून एक उरला. एकच! सोल्डरवाली खुर्चीवरून उठून नाचली आणि तिचा इस्त्रीवर हात पडता पडता वाचला, म्हणजे सोल्डरच्या इस्त्रीवर.

एकही ठिपका आम्ही पुसलेला नाही. कोणता कोणाचा, एवढंच सांगितलंय.

मग मी सरांकडे गेले. सगळं दाखवलं. चमकीच्या चाचणीची पानंही दिली. त्यांनी ती चाळली. म्हणाले, "काम उत्तम आहे. करार होईपर्यंत बाहेर काढू नकोस."

मी म्हटलं, "करार झाल्यावर तर काढताच येणार नाही."

"तुझी नेमणूक मेअखेर संपते, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"त्यांना दुखवून मी ती वाढवू शकणार नाही."

"सर, त्या कॅमेऱ्यानं पास केलेल्या कुप्यांनी दोन माणसं आजारी पडली."

"ते तुला तुझ्या नातेवाइकानं सांगितलं."

"मग तुम्ही स्वतः भोकाकडे बघा. भोक काही माझं नातेवाईक नाही."

त्यांनी पाहिलं नाही. खिडकीकडे गेले आणि पडदा सारखा करत बसले, सरळ असलेला.

परत टेबलाशी येऊन मी सगळं इंटरनेटवर, सगळ्यांसमोर टाकलं. बोर्डाची ड्रॉइंग्ज, सामानाची यादी, प्रोग्रॅम, मोटरीची मापं. आणि चमकीची चाचणी, जी कोणीही घरच्या सामानात करू शकेल, कोणत्याही कंपनीच्या कॅमेऱ्यावर. काम सुरू केलं तेव्हा सगळं उघडं ठेवू असं लिहून दिलं होतं, त्यावर सरांचीही सही आहे, त्यामुळे चोरी केली असं कोणी म्हणू शकत नाही. आगाऊपणा केला म्हणतील, ते खरंच आहे. कुपी फिरवायच्या पद्धतीखाली लिहिलंय, "ही काचेच्या कारखान्यातल्या एका तपासनिसानं शिकवली." टाकायला बारा मिनिटं लागली. मग मी आणि सोल्डरवाली चहा प्यायला गेलो.

चौकशीला मला येऊ देणार नाहीत, कळवलंय त्यांनी. बाहेरच्या माणसाला परवानगी नाही. म्हणून कॅमेरा पार्सलनं पाठवतेय. सोबत छापलेली पानं आणि चमकीचा रोल. मामीला मिळाल्याबरोबर दोन शब्द कळवायला सांग.

भाची


२९ मार्च

भोचकबाई,

काल सुनावणी झाली. ज्याला ऐकू येत नाही त्याची सुनावणी, म्हणजे काय गंमत असेल बघ.

तुझा कॅमेरा गेटवरच अडवला. बाहेरचं यंत्र आत नेता येत नाही म्हणे. वॉचमननं कपाटात ठेवला आणि पावती दिली. चमकीची घडी माझ्या शर्टाच्या खिशात होती, सुई कॉलरला टोचलेली. त्यांना कोणी यंत्र म्हटलं नाही.

खोलीत पाच माणसं. मोठे साहेब, चौकशी चालवणारे वकील, सुपरवायझर, टिपणं घेणारा कारकून आणि गुणवत्ता विभागात दोन महिन्यांपूर्वी आलेली एक बाई. मी आधीच सांगितलं, प्रश्न कागदावर लिहून द्या. वकिलांना ते आवडलं नाही. तोंडी विचारताना माणूस काहीही बोलून जातो, लिहायचं म्हटलं की हात अडखळतो. पहिलाच प्रश्न त्यांनी दोनदा खोडला. शेवटी लिहिलं, "आपल्याला कमी दिसतं हे आपण मान्य करता का?"

मी खाली लिहिलं, "नाही. माझी आणि कॅमेऱ्याची दोघांची परीक्षा घ्या. आत्ता, पट्ट्यावर."

मोठे साहेब म्हणाले, याची काही गरज नाही. ती बाई म्हणाली, "पट्टा जेवणाच्या सुट्टीत थांबलेलाच आहे. दहा मिनिटं लागतील." साहेबांनी तिच्याकडे जसं पाहिलं तसं माझ्याकडे पाहिलं असतं तर मी बसलो असतो. ती उभीच राहिली. मग सगळे खाली गेलो.

मी चमकीला भोक पाडलं. पंचेचाळीस वर्षांची ती बाई पोरीसारखी माझ्या हातातून चमकी घेऊन धावत पट्ट्याच्या टोकाला गेली आणि मागे बॅटरी धरली. तुझ्या पानावर अंतर दिलं होतं, ते मी पावलांनी मोजलं. जेवायला गेलेली माणसं एकेक करून परत येत होती, ती तिथेच थांबली. पंचवीस-तीस तरी असतील.

मी वकिलांना विचारलं, "तुम्हाला उजेड दिसतो?"

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "दिसतो."

"साहेब, तुम्हाला?"

साहेबांची मान आपोआप होकारार्थी हलली.

"आता पडद्याकडे बघा."

पडद्यावर काळोख. काही म्हणजे काही नाही. बुडबुडा मागे उभा होता, तो एवढ्या मोठ्यानं "अरेच्चा!" म्हणाला की मलाही ऐकू आलं. बाईनं भोक थोडं मोठं केलं, पडद्यावर ठिपका आला. परत बारीक भोक, ठिपका गेला. तिनं पाच वेळा केलं. पाचव्या वेळी मी तिला थांबवलं, कारण सुपरवायझर पडद्याकडे बघतच नव्हता, बुटांकडे बघत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"मी किती बाजूला काढल्या होत्या?"

त्यानं एक बूट दुसऱ्यावर घासला.

"मला ऐकू येत नाही, मोठ्यानं सांग."

त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. बरोबर आहे, त्याच्याही घरी माणसं आहेत. पण बाईनं कारकुनाला सांगितलं, "लिहा. प्रश्न विचारला, उत्तर दिलं नाही." कारकुनानं साहेबांकडे पाहिलं. ती म्हणाली, "त्यांच्याकडे नका बघू, कागदाकडे बघा." त्यानं लिहिलं.

वकील म्हणाले, कॅमेऱ्याचा दोष हा आजचा विषय नाही. मी तो सहीचा कागद खिशातून काढला, मामीच्या चहाच्या डागांसकट, आणि त्यांच्या हातात दिला. म्हटलं, "मग हा विषयही संपला. मला दिसतं. तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत की मला दिसतं."

आणि घरी आलो. निकाल कळवतील. गेटवर कॅमेरा घ्यायला मात्र विसरलो नाही.

मामा


१६ मे

मामा,

तुझ्यावरचा आरोप मागे घेतल्याचं मामीनं कळवलं. त्या दिवशी मी कोणाशी न बोलता टेबलावर डोकं ठेवून खूप रडले. सोल्डरवालीला वाटलं काहीतरी वाईट झालं.

माझं म्हणशील तर नेमणूक वाढली नाही. सरांनी पत्र स्वतः आणून दिलं, एवढं त्यांचं मानलं पाहिजे. टायवाला आता येत नाही. त्यांच्या कंपनीनं जाहीर केलंय की विशिष्ट परिस्थितीत प्रतिमेत किरकोळ फरक संभवतो. किरकोळ!

जाताना सर म्हणाले, "एक विचारू? तुझी ड्रॉइंग्ज बाहेर पडून दोन महिने होत आले. कोणी बनवला का तो कॅमेरा? पाहतात सगळे. बनवणार कोण? बोर्डावरच्या चिपच्या पायांतलं अंतर पाव मिलिमीटर."

चारशेच्या वर लोकांनी ड्रॉइंग्ज उतरवून घेतलीत. बनवल्याचं एकानंही लिहिलेलं नाही. मी रोज सकाळी उठून बघते. त्यांना तोंडावर म्हटलं, "न बनवू देत, मी पुन्हा हेच केलं असतं," आणि ते खरंच आहे. पण जिना उतरता उतरता कोणी लिहिलंय का ते पुन्हा पाहिलं.

एका सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची खोली भाड्यानं घेतली आहे. टेबल आहे, उजेड आहे. सोल्डरवाली शनिवारी येते. कॅमेऱ्याचं काम चालूच ठेवणार.

भाची


३० जून

भोचकबाई,

पत्राला उशीर झाला, कारण कामात होतो. हे बहाणा म्हणून लिहीत नाही, खरोखरच होतो.

आरोप मागे घेतल्याच्या कागदावर पोच म्हणून माझी सही मागितली, ती मी केली. माफी कोणी मागितली नाही. कामावर या म्हणाले. मी म्हटलं, येतो, पण तपासनिसानं बाजूला काढलेली कुपी तपासनिसाशिवाय कोणी परत टाकायची नाही, हे लेखी द्या. तीन आठवडे घोळ घातला, मग दिलं. तिनाचे आता सहा बाक झालेत, त्यातला एक माझा. बाकीच्या आठ बाकांच्या माणसांना मात्र बोलावणं आलं नाही.

तर ती आठ माणसं, बुडबुडा आणि मी, असे आम्ही दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसतो. तुझ्या सरांना सांग, पाव मिलिमीटर म्हणजे आमच्या लोकांना हमरस्ता आहे. ज्यांनी जन्मभर केसाएवढी चीर धरली त्यांना त्या पायांची काय भीती? सामान मागवलं, बोर्ड करून आणले. सोल्डर करण्यात तुझी मामी सगळ्यांत तरबेज निघाली. आता ती कोणाला इस्त्रीला हात लावू देत नाही.

पहिला बोर्ड जळला. धूर झाला, घरभर वास, शेजारचे पुन्हा बाहेर आले. दुसराही जळला. तेव्हा आम्ही तुझं ड्रॉइंग घेऊन बसलो आणि एकेक रेघ बोटानं तपासली, जशी कुपी तपासतो तशी. तुझं चुकलंय. पान सात, वीज आत येते तो जोड. पहिला आणि दुसरा पाय उलटे छापलेत. तुमच्या दोघींच्या हाताला सवय आहे, म्हणून तुम्ही न बघता बरोबर लावत असाल. कागदावर उलटंच आहे. तुझ्या त्या चारशे जणांपैकी किती जणांच्या घरी धूर झाला असेल, आणि बिचारे स्वतःलाच दोष देत गप्प बसले असतील, याचा जरा विचार कर.

आम्ही पान सात दुरुस्त केलंय. गुणवत्तावाली बाई येते रविवारची, तिनं ते इंटरनेटवर तुझी ड्रॉइंग्ज आहेत तिथेच सगळ्यांसाठी ठेवलं. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, "मूळ आकृतीत चूक होती, ती तपासनिसांनी काढली." तुला आधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू वाद घातला असतास आणि आणखी चार घरांत धूर झाला असता.

तिसरा बोर्ड काल दुपारी साडेतीनला सुरू झाला. उद्यापासून बाई तो कारखान्यात नेऊन पट्ट्यावर लावणार आहे. मोठ्या साहेबांना कळवलेलं नाही.

पान नऊही मला संशयास्पद वाटतंय. आहेस तिथून उठ आणि ये. मामीनं तुझी खुर्ची रिकामी ठेवली आहे, पण इस्त्री देईल याची खात्री नाही.

मामा